दुसऱ्या माळेचं फूल

"मग केशर किती निघतं?"

माझी बाग बघायला आलेला एकही मराठी माणूस हा प्रश्न न विचारता परत गेलेला नाही. पुण्याहून आलेले पाहुणे असोत, उंटरश्लाइसहाइमहून गाडी काढून आलेली मित्रमंडळी असोत, की इथेच, जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नला, पीएचडी करणारी पोरं असोत. ऑक्टोबरच्या उन्हात मातीतून सरळ वर आलेली जांभळी फुलं, पान एक नाही, नुसती फुलं, आणि त्याकडे बघून यांना सुचतं ते एवढंच. मी सांगते की क्रोकसच्या पुष्कळ जाती असतात, बहुतेक वसंतात फुलतात, काही थोड्या शरदात फुलतात आणि मी त्या शरदातल्या जमवते. केशराचा क्रोकस त्यातलाच एक, पण तो माझ्याकडे नाही. "नाही? का नाही?" म्हणजे पुन्हा गुन्हेगार मीच. एक बाई तर "श्रीखंडापुरत्या चार काड्या घेऊ का गं?" असं म्हणून उत्तराची वाट न बघता खाली वाकल्यासुद्धा. खरं सांगायचं तर केशराचे कंद इथे बागेच्या कुठल्याही दुकानात मिळतात. मी मुद्दाम लावत नाही. हट्ट आहे माझा.

हा नाद मला लावला तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींनी. आम्ही खालचा फ्लॅट भाड्याने घेतला तेव्हा बाग त्यांची होती आणि आम्हाला फक्त सायकली ठेवायला परवानगी होती. पहिल्याच शरदात त्यांनी मला खिडकीतून बघताना पकडलं, हाताने बोलावलं आणि एका फळीवर गुडघे टेकून बसायला लावलं. कंद उन्हाळ्यात झोपतात, ऑगस्टमध्ये लावायचे. इथली वालुकामय तांबडी माती त्यांना मानवते. उंदरासारखे प्राणी जमिनीखालून येऊन कंद खातात म्हणून तारेच्या टोपलीत लावायचे. नावाची पट्टी पेन्सिलीनेच लिहायची, पेनाची शाई उडते. आणि शेवटी एका फुलाच्या नळीवरून बोट खाली मातीपर्यंत नेत त्या म्हणाल्या, "हे जे वर दिसतं ना, तो नुसता झेंडा. घर खाली असतं." मी "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलावली. तेव्हा माझं जर्मन बेताचंच होतं आणि काहीही नीट न ऐकता मी गेनाऊ म्हणायचे.

त्यांच्या सगळ्या संग्रहात एक पांढरा होता. त्यांनीच बियांपासून वाढवलेल्या रोपांत तो एके वर्षी आपोआप निघाला. घशापर्यंत, म्हणजे पाकळ्या नळीला मिळतात तिथपर्यंत, पांढरा, आत पिवळ्याचा टिपूस नाही, मधोमध फक्त केशरी तुरा. दुकानात पांढरे मिळतात, पण त्यांचा घसा पिवळसर असतो, आणि हे सांगताना आजी तोंड वाकडं करायच्या. त्यांनी तो कुणाला दिला नव्हता. मग एका हिवाळ्यात उंदरांनी तो वाफाच खाऊन टाकला आणि वाटाण्याएवढा एक कंद उरला. तो फुलायच्या आधीच आजी जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या पुन्हा वर राहायला आल्या नाहीत. टेकडीवरच्या फ्लेगेहाइममध्ये, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या निवासात, त्यांना खोली मिळाली. बाग माझ्या हातात आली. त्याच सुमारास त्यांची नजरही जायला लागली होती. मधोमध डाग, कडेकडेने दिसायचं. कंदांची वही माझ्या हातात देताना त्यांनी एवढंच मागितलं, "पांढरा फुलला की मला दाखव. बाकी काही नको."

मी शब्द दिला. दर दुसऱ्या रविवारी दुपारी मी केकचा तुकडा घेऊन त्यांच्याकडे जायचे आणि त्या मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून मला शोधत विचारायच्या, "आल्झो? मग, आला का?" अजून नाही, मी म्हणायचे. दोन शरद गेले. कंद अजून बारीक होता.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले.

आता इथे मला एक सांगायलाच हवं, कारण ते डोक्यात असल्याशिवाय माझा राग कळणार नाही. माझ्या माहेरी तळमजल्याच्या खिडकीबाहेर तगर होती. आईने लावलेली, आईने वाढवलेली. त्या तगरीचं एक फूल आमच्या देवाला कधी मिळालं असेल तर शपथ. पहाटे सोसायटीतले रिटायर्ड काका लोक हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि काठीला आकडा घेऊन फिरायला निघायचे आणि आम्ही दात घासेपर्यंत झाड भादरून ठेवायचे. आई ओरडली की दुखावलेल्या चेहऱ्याने म्हणायचे, "देवालाच तर नेतोय वहिनी." दुसऱ्याच्या कष्टाचं फूल तोडायचं, आपल्या नावाने देवाला वाहायचं आणि वर पुण्य पदरात पाडून घ्यायचं! हीच माणसं कुणी यांच्या पार्किंगमध्ये स्कूटर लावली तर वॉचमनला फाडून खातात. फुलाला मात्र मालक नसतो. लहानपणापासून मला या प्रकाराची तिडीक आहे आणि माझं लग्न नेमकं अशाच एका पिशवीवाल्याच्या घरात झालं.

सासऱ्यांनी येताना पिशवी आणली होती. चौथ्या दिवशी ते सकाळच्या फेरीहून आले तेव्हा पिशवीत कोपऱ्यावरच्या घरातला डेलिया होता. मोठा, लाल, जेवणाच्या ताटलीएवढा. मी तो डेलिया घेऊन त्या घरी गेले, माफी मागितली आणि घरमालकीण बाईंनी डेलियाकडे आणि माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी विसरलेले नाही. परत येऊन मी सांगितलं, "बाबा, बाहेरचं एक पान तोडायचं नाही. आपल्या बागेतले गुलाब घ्या, ॲस्टर घ्या, काय हवं ते घ्या. ती जांभळी फुलं येतील त्यांना मात्र हात लावायचा नाही."

"नाही लावणार," ते म्हणाले, आणि खरंच लावला नाही. जांभळे फुलल्यावर रोज संध्याकाळी ते त्यांच्यासमोर खुर्ची टाकून बसायचे. केशराचं त्यांनीही विचारलंच, पण एकदाच.

नवरात्राच्या दोन दिवस आधी, गुरुवारी, पांढरा उघडला. भिंतीकडेच्या तारेच्या टोपलीत, एकटा. एका कंदाला एकच फूल. सकाळी कळी दिसली होती, म्हणून मी ऑफिसातून धावत घरी आले, कारण क्रोकस उन्हातच उघडतो आणि आमच्याकडे ऊन चार वाजता टेकडीमागे जातं. आणि मी काय केलं, तर बारीक ब्रश आणला, जांभळ्या फुलांतले पराग त्यावर घेतले आणि पांढऱ्याच्या तुऱ्यावर लावले. मला बी हवं होतं. जगात हा एवढा एकच कंद, तो गेला तर सगळंच गेलं, हे माझ्या डोक्यात इतकं बसलं होतं की मला दुसरं काही दिसत नव्हतं. शुक्रवारी पुन्हा ब्रश फिरवला. शनिवारीही. मोबाईलवर फोटो काढले. रविवारी दुपारी आजींना व्हीलचेअरवरून इथे आणायचं ठरवलं, फ्लेगेहाइममध्ये तसं सांगूनही ठेवलं. आजींना मात्र कशासाठी ते कळू दिलं नाही, म्हटलं गंमत होईल.

शनिवारी बाबांनी घट बसवले. सासूबाई गेल्यापासून ते हे सगळं एकटेच करतात आणि अगदी त्यांच्याच पद्धतीने करतात. पत्रावळीऐवजी केकचा गोल डबा, त्यात आमच्याच बागेतली माती, गहू, मधे तांब्या. पहिल्या माळेला पिवळी शेवंती त्यांनी सुपरमार्केटमधून आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. पांढरी काही मिळाली नव्हती. "ती उद्या बघू," म्हणाले.

उद्या रविवार होता. जर्मनीत रविवारी सगळं बंद.

सकाळी मी चहाचा कप घेऊन बागेत गेले. टोपलीत फूल नव्हतं. मातीच्या वर बोटाच्या पेराएवढी फिकट नळी होती, वरून नखाने खुडलेली. कप मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. मी आत आले, घटापुढे बघितलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घटावर दोऱ्याची माळ लोंबत होती. थोडी ॲस्टरची पानं, मधोमध माझा पांढरा क्रोकस.

"बाबा, हे काय केलंत?"

"आज दुसरी माळ," ते शांतपणे म्हणाले. "दुसरीला पांढरं फूल लागतं. तुझ्या सासूबाईंनी कधी चुकवलं नाही. दुकानं बंद. म्हटलं, देवीनेच सोय केली."

"मी सांगितलं होतं ना तुम्हाला हात लावू नका म्हणून!"

"तू जांभळी म्हणाली होतीस."

मी म्हणाले होते जांभळी. बरोबर होतं त्यांचं. त्यामुळे मी आणखी भडकले. पंधरा वर्षांत सासऱ्यांसमोर आवाज चढवला नव्हता तो सगळा तेव्हा चढवला. काठीला आकडा लावणाऱ्या सगळ्या काकांचा राग त्या एका माणसावर काढला. तुम्हाला दुसऱ्याच्या जिवापेक्षा माळ महत्त्वाची, म्हणाले. हा जगातला एकच कंद होता, वरच्या आजींनी मरायच्या आधी बघायचं म्हणून मागितला होता, त्याचं बी मी धरत होते, ते बी गेलं, वंश संपला, आणि कशासाठी, तर पांढरा रंग हवा म्हणून! नवरा पायजम्यातच धावत आला आणि म्हणाला, "अगं, फूलच आहे, पुढच्या वर्षी येईल." त्यालाही मी सोडलं नाही.

बाबांनी माळेकडे हात केला. "आता तोडलंय ते तोडलंय," ते म्हणाले. "ते काढून घे. पाण्यात घाल आणि आत्ताच्या आत्ता त्या आजींना नेऊन दाखव. देवीला काय सांगायचं ते मी सांगतो."

ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगते, घटावरची माळ उतरवत नाहीत. कुणीही, कशासाठीही. माझ्या सासऱ्यांसारखा माणूस तर मुळीच नाही. ते त्या क्षणी मला कळायला हवं होतं. मी म्हणाले, "प्रेत नेऊन दाखवू? कुठल्या तोंडाने जाऊ मी आजींसमोर?" आणि खोलीत जाऊन दार लावलं. दुपारी बाहेर आले तेव्हा फूल माळेतच होतं. संध्याकाळपर्यंत ते ओल्या टिशूसारखं दोऱ्याला चिकटलं.

फ्लेगेहाइमला मी फोन करून सांगितलं की सर्दी झालीय, येत नाही. सर्दी झालेल्या माणसाला ते आत घेतच नाहीत, त्यामुळे कुणी पुढे विचारलं नाही.

उरलेल्या सात माळा बाबांनी कापसाच्या केल्या. ड्रॉगेरीतून, म्हणजे साबण-पावडरीच्या दुकानातून, मेकअप पुसायच्या कापसाची पाकिटं आणली आणि रोज सकाळी टेबलाशी बसून एकेक मणी वळत गेजवस्त्र केलं. गुलाब होते, ॲस्टर होते, पण त्यांनी बागेतल्या एकाही फुलाला पुन्हा हात लावला नाही. मला तो टोमणा वाटला. मला टोमणे मारताहेत म्हणून मी त्या कापसावरही चिडले. नोव्हेंबरमध्ये ते गेले. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला, त्यांनी डोक्यावर हात ठेवला, पण दोघांपैकी कुणीही फुलाचं नाव काढलं नाही.

मग हिवाळाभर मी ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. जेवायला आलेल्या प्रत्येकाला. मला ती सांगायला आवडायला लागली होती, हे आता कबूल करते. माझी बाजू इतकी भक्कम होती की ऐकणाऱ्याला माझ्या बाजूने येण्यावाचून गत्यंतर नव्हतं. आजींकडे मात्र मी गेले नाही. आधी सर्दी, मग कामाची डेडलाइन, मग बर्फ, मग पुण्याची फेरी. त्या "आला का?" विचारतील आणि मला सांगावं लागेल, म्हणून गेले नाही. तिथून दोनदा फोन आला, तो मी उचलला नाही. आणि यालाही जबाबदार सासरेच, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

मेच्या शेवटी क्रोकसची पानं पिवळी पडली. मी पांढऱ्याच्या टोपलीशी गुडघे टेकले, कंद तरी जगलाय का ते बघायला. पानांच्या बुडाशी मातीतून काहीतरी वर आलं होतं. फिकट, फुगीर, भुईमुगाच्या शेंगेएवढं. मी हात मागे घेतला.

बोंड होतं. बियांनी भरलेलं.

क्रोकसचा बीजकोश फुलात नसतो. तो खाली, कंदाशेजारी, मातीत असतो. फुलाची लांब नळी तिथून वर येते, पराग त्या नळीतून खाली उतरतात आणि एक-दोन दिवसांत काम झालं की वरचं फूल राहिलं काय, गेलं काय, सारखंच. ते बोंड थेट पुढच्या वसंतात मातीबाहेर डोकं काढतं. वर दिसतो तो नुसता झेंडा. आजींनी पहिल्याच दिवशी बोट लावून दाखवलं होतं. आणि संताप याचा की मला हे माहीत होतं! दर मेमध्ये मी जांभळ्यांची बोंडं मातीतूनच वेचत आले होते. माझ्या हातांना ठाऊक होतं. गुरुवारपासून शनिवारपर्यंत मी ब्रश फिरवला होता, रविवारपर्यंत ते फूल पराग खाली पोचवून मोकळं झालं होतं. पण मला रागावायचं होतं, आणि रागावलेल्या माणसाला कुणी कशाचीही आठवण करून देऊ शकत नाही.

मी आधी पुण्याला फोन केला. माफी मागायला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बघ. देवीला वाहिलेलं वाया जात नाही."

"बाबा, याचा देवीशी काही संबंध नाही!" मी त्यांना दहा मिनिटं बीजकोश, नळी, पराग सगळं समजावलं.

"तेच म्हणतोय मी," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "त्या आजींना फूल दाखवलंस का मग तेव्हा?"

दुसऱ्या दिवशी मी टेकडीवर गेले. आजी खिडकीशी बसल्या होत्या. मी आत शिरले तेव्हा त्यांनी मान तिरकी केली नाही. सरळ समोर बघत विचारलं, "कोण?" मी आवाज दिला तेव्हा त्यांनी हात पुढे केला. मी त्या हातात बोंड ठेवलं. त्यांनी ते अंगठ्याने फिरवलं.

"क्रोकस," त्या म्हणाल्या. "चांगलं भरलंय. कुठला?"

"पांढरा."

त्यांचा अंगठा थांबला. "कधी फुलला?"

"ऑक्टोबरमध्ये." आणि सवयीने मी पुढे सुरू केलं. सासरे, पिशवी, दुसरी माळ, बंद दुकानं, सगळं. मी जिथे थांबले की लोक "बाप रे" म्हणतात, तिथे मी थांबले.

"तोडलेलं होतं?" आजी म्हणाल्या. "मग आणायचं ना. पेल्यात घालून. दहा मिनिटांवर तर आहे."

"मला वाटलं, बी गेलं..."

"बी मी कुठे मागितलं होतं?" त्या रागावल्या नव्हत्या. "ऑक्टोबरमध्ये मला अजून दिसत होतं."

त्यांनी बोंड मुठीत धरून ठेवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "बरं, तू सांग. घसा पांढराच होता ना? आतपर्यंत?"

मी मोबाईल काढला. फोटोंत उन्हामुळे सगळं पांढरं एकात एक मिसळलं होतं, आतलं काही कळत नव्हतं. मी आठवून बघितलं. तीन दिवस मी त्या फुलावर वाकले होते आणि मला केशरी तुरा आठवत होता, ब्रशचं टोक आठवत होतं, चिकटलेले पराग आठवत होते. घसा कसा होता ते मला सांगता येईना. ते फूल सावकाश हातात घेऊन, फिरवून, बघून दोऱ्यात ओवणारा माणूस एकच होता.

मी आजींच्या शेजारी खुर्ची ओढली आणि पुण्याला फोन लावला.